तलावाशेजारी एक फळा टांगा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

मे महिना आला की कोल्हापूरभोवतीच्या फार्महाऊसवर गर्दी सुरू होते. पन्हाळ्याच्या वाटेवर, गारगोटी रस्त्याला, राधानगरीकडे, जिथे दहा-पंधरा गुंठे मोकळे आहेत तिथे आता एक निळा हौद दिसतो. कुणी घरच्यांसाठी बांधलेला, कुणी शनिवार-रविवार भाड्याने देतो. तांबडा-पांढरा, चुलीवरची भाकरी आणि डुंबायला पाणी एवढे असले की बुकिंग फुल्ल. रस्सा किती तिखट असतो, हे लोक फोनवर विचारून घेतात. पाण्यात काय किती आहे, हे कुणी विचारत नाही आणि विचारले तर मालकालाही ठाऊक नसते. गेल्या उन्हाळ्यापर्यंत मलाही नव्हते.

मी जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यात ३१ वर्षे लॅब केमिस्ट होतो. रसाचा सामू, म्हणजे पीएच, बघण्यात आयुष्य गेले. चरकातून येणारा रस सव्वापाच-साडेपाचचा असतो. चुन्याचे दूध घालून तो सातच्या आसपास आणायचा. त्याखाली राहिला तर साखर फुटते, दाणा धरत नाही. फार वर गेला तर रस काळवंडतो. गाळप चालू असताना रात्री तीन वाजताही आम्ही तासातासाला नमुना काढायचो. असा मी, पण स्वतःच्या दारातल्या पाण्याला चार वर्षांत एकदाही कागद लावून बघितला नाही. "तुम्ही आता आराम करा," असे मुलगा म्हणाला आणि मी तो आज्ञेसारखा केला.

तलाव मुलानेच बांधला. कळंब्याच्या पुढे आमचे थोडे रान आहे, तिथे. ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद, एका टोकाला खोली १.२ मीटर, दुसऱ्याला १.६. म्हणजे सरासरी धरून ४५ हजार लिटरच्या जवळपास पाणी. हा आकडा मुद्दाम देतोय, पुढे लागणार आहे. पाणी बोअरचे. एका बाजूला हौसेने केलेला दगडी धबधबा. देखभालीला एक पोरगा ठेवला होता. तो जाळीने पाला काढायचा, तळ ओढायचा, टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, हाताने भिरकावायचा आणि आठवड्याला क्लोरिनच्या तीनेक गोळ्या तरंगत्या डबीत टाकून जायचा. मोजमाप म्हणून त्याच्याकडे ओटीची, म्हणजे क्लोरिन दाखवणाऱ्या औषधाची, बाटली होती, गावातल्या टाकीच्या पाण्याला ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक वापरतो तीच. पिवळा रंग आला की काम झाले.

गेल्या मेमध्ये पुण्याहून नातवंडे आली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोघांचे डोळे असे लाल, की बायकोला वाटले डोळे आलेत. पाण्याला क्लोरिनचा भपका होता, आणि तरीही कडेच्या फरशा पायाला बुळबुळीत लागत होत्या. हे कोडे मला तिथेच खटकायला हवे होते. पोराला फोन केला तर तो म्हणाला, "काका, क्लोरिन कमी पडलाय. पावडर वाढवतो. वास आला म्हंजे पाणी क्लीन बघा." आणि मी हो म्हटले! मला वाटते, २०१९ च्या महापुरानंतर गल्लोगल्ली टीसीएल पडली, तो वास आपल्या सगळ्यांच्या नाकात स्वच्छतेचा म्हणून बसलाय.

खरे तर तो भपका मोकळ्या क्लोरिनचा नसतोच. घाम आणि (नातवंडांची क्षमा मागून लिहितो) लघवी यांतल्या नायट्रोजनशी क्लोरिन जोडला गेला की जे क्लोरामाईन तयार होते, ते नाकाला आणि डोळ्यांना झोंबते. नीट राखलेल्या तलावाला वास जवळजवळ येत नाही. पोरगा वापरत होता ती ओटी मोकळा आणि जोडलेला असा सगळाच क्लोरिन एकत्र पिवळा दाखवते. मोकळा वेगळा मोजायचा तर डीपीडीची गोळी लागते, तिचा रंग गुलाबी येतो.

दोन दिवसांनी मी पाणी तपासायचे किट मागवले. बायको म्हणाली, "कारखाना तुमचा सुटला, तुम्ही काही कारखान्यातून सुटला नाही." सकाळी पोरगा पावडर टाकून गेला होता. मी काचेच्या नळीत पाणी घेतले, डीपीडीची गोळी चुरून टाकली. क्षणभर गुलाबी छटा उठली आणि पाणी पुन्हा पांढरे झाले. आमचे रानातले मामा शेजारी उभे होते. "हितं तर कायबी न्हाई की ओ अण्णा," ते म्हणाले. नवखा कुणीही हेच म्हणेल, आणि आणखी दोन किलो पावडर ओतेल. पण क्लोरिन फारच जास्त असला की तो डीपीडीचा रंगच धुऊन टाकतो. मी आरओच्या पाण्यात तोच नमुना दहापट पातळ करून पुन्हा मोजला. रंग टिकला. दहाने गुणल्यावर १२ पीपीएम, म्हणजे लिटरला १२ मिलिग्रॅम, आले. घरच्या तलावात १ ते ३ पुरतो.

सामूचेही तसेच. सामू दाखवणारे फिनॉल रेड टाकल्यावर रंग लाल यायच्या ऐवजी जांभळा आला. जादा क्लोरिन त्याही रंगाला बिघडवतो. त्यावर उपाय सोडियम थायोसल्फेट, म्हणजे फोटोवाल्यांचा हायपो. हायपोचे दिवस कधीच गेले, पण एका जुन्या फोटो स्टुडिओवाल्या मित्राच्या माळ्यावर बरणीत अजून होता. एक खडा टाकून आधी क्लोरिन मारला, मग फिनॉल रेड. सामू ८.

इथे दोन ओळी रसायनाच्या सहन कराव्यात. क्लोरिन पाण्यात गेला की त्याची दोन रूपे होतात. जंतू मारणारे हायपोक्लोरस आम्ल, आणि त्याचा आळशी भाऊ हायपोक्लोराइट. सामू ७.५ ला दोघे निम्मे निम्मे. ७.२ ला कामाचा भाऊ दोन तृतीयांश. आणि ८ ला जेमतेम पाव. म्हणजे सामू ८ असेल तर टाकलेल्या चार किलोंतले तीन किलो हजेरी लावून झोपलेले. म्हणून आधी सामू ७.२ ते ७.८ मध्ये, जमले तर साडेसातच्या आत, आणि मग क्लोरिन. आमचा पोरगा चार वर्षे उलट क्रमाने जात होता. उलट क्रमाने म्हणणेही चूकच, सामूपर्यंत तो कधी पोचलाच नव्हता. शिवाय टीसीएलमध्ये चुना असतो, तो सामू आणखी वर ढकलतो.

पण बुळबुळीचे कारण तेवढ्याने सुटेना. मग स्टॅबिलायझर मोजला, म्हणजे सायन्युरिक आम्ल. ही चाचणी गमतीची आहे. नळीच्या तळाला काळा ठिपका असतो, औषध घातलेले गढूळ पाणी वरून हळूहळू ओतत जायचे आणि ठिपका दिसेनासा झाला की थांबून आकडा वाचायचा. आमचा ठिपका पाणी पट्टीवरच्या सर्वांत खालच्या, शंभराच्या खुणेला पोचायच्या आधीच गेला, म्हणजे आकडा शंभराच्या वर. निम्मे साधे पाणी घालून पुन्हा केली तेव्हा ८० आले. म्हणजे खरे १६०. पाहिजे होते ३० ते ५०.

हा स्टॅबिलायझर शत्रू नव्हे. भर उन्हात उघड्या पाण्यातला क्लोरिन दोनएक तासांत बहुतेक उडून जातो, त्याला हा धरून ठेवतो. पण प्रमाण वाढले की धरलेला सोडतच नाही. बुडत्या पतसंस्थेतल्या ठेवीसारखे. पासबुकात आकडा दिसतो, हातात पैसा येत नाही. किटवर क्लोरिन भरपूर आणि फरशीवर शेवाळ सुखात.

आणि तो येतो कुठून? गोळ्यांतून. त्या ट्रायक्लोरच्या गोळ्या, वजनाने निम्म्याहून जास्त हेच सायन्युरिक आम्ल. २०० ग्रॅमची एक गोळी आमच्या तलावात क्लोरिन ४ पीपीएमने वाढवते आणि स्टॅबिलायझर अडीच पीपीएमने. क्लोरिन संपतो, स्टॅबिलायझर राहतो. मी कागद-पेन्सिल घेतली. ४५ हजार लिटरला १६० पीपीएम म्हणजे ७ किलो २०० ग्रॅम, म्हणजे साधारण १३ किलो गोळ्या. तलाव दिवाळीत रिकामा करून घासून भरला होता, त्यामुळे हिशेब तिथूनच सुरू. मामांना विचारले, गोळ्यांचे रिकामे डबे कुठे टाकलेत? त्यांनी मला विहिरीजवळ नेले. पाच-पाच किलोंचे तीन निळे डबे, त्यांत मिरचीची रोपे लावलेली. १५ किलो. वरचे दोन किलो फिल्टर उलटा धुताना गेले असणार. माझा कुठलाही स्टॉक हिशेब कारखान्यात इतका जुळला नव्हता.

मुद्दा असा की तलावात जे पडते ते तिथेच राहते. लहानपणी पाठीला पत्र्याचा डबा बांधून आजोबांनी मला विहिरीत ढकलले. त्या विहिरीत कुणी पावडर टाकली नाही, कुणाचे डोळे आले नाहीत. पण तिला उमाळे होते आणि मोटार रोज उपसून पाणी उसाला न्यायची. आजचे पाणी उद्या नसायचे. तलाव हा आमच्या कारखान्यातल्या इव्हॅपोरेटरचा भाऊ. पाणी तेवढे वाफ होऊन जाते, बाकी सगळे मागे उरते आणि दाट होत जाते. वर रोज बोअरचे जड पाणी भरायचे. इव्हॅपोरेटरच्या नळ्यांवर खर चढायची, तशीच आमच्या धबधब्याच्या दगडावर चढली होती. नखाने खरवडली तर पांढरा भुगा.

स्टॅबिलायझर मारायला बाजारात सोपे औषध नाही. पाणी काढणे हाच मार्ग. क्लोरिन उतरून शून्यावर येईपर्यंत तलाव पाच दिवस बंद ठेवला आणि मग पाऊण पाणी नारळाच्या आळ्यांत सोडले. ऐन मेमध्ये तेहतीस-चौतीस हजार लिटर! शेजाऱ्याचा बोअर आटलेला. तो कुंपणापलीकडून बघत होता, काही बोलला नाही. ते मला अजून टोचते.

बोअरचे पाणी पुन्हा भरले तर अल्कलिनिटी २६०. ही म्हणजे पाण्याची आम्ल रिचवायची ताकद. ८० ते १२० असली की सामू जागेवर राहतो. फार असली की तो सारखा वर पळतो, आणि आमचा हौशी धबधबा पाण्यातला कार्बन डायऑक्साइड उडवून त्याला आणखी पळवतो. उतारा हायड्रोक्लोरिक ॲसिडचा. एका झटक्यात नाही, रोज संध्याकाळी पंप चालू ठेवून अर्धा लिटर, बादलीभर पाण्यात पातळ करून खोल बाजूला. आधी पाणी, मग त्यात ॲसिड. पंचवीस दिवस चालले हे.

आणि त्यातल्या अकराव्या दिवशीची गोष्ट मी मुलालाही नीट सांगितलेली नाही.

ॲसिडचा कॅन आणि टीसीएलचा डबा एकाच पंपखोलीत शेजारी होते. मापाला प्लॅस्टिकचा मग एकच. मी ॲसिड मोजून बाहेर गेलो. मामांनी मदत म्हणून तोच ओला मग पावडरीच्या डब्यात घातला. मला आधी फस्स असा आवाज आला, मग खोकला. दारातून हिरवट-पिवळा धूर खालून पसरत येत होता, गुडघ्याएवढ्या उंचीवर. क्लोरिन हवेपेक्षा जड असतो, हे मी कितीदा शिकाऊ पोरांना सांगितले असेल. मामा आत वाकलेले. मी श्वास कोंडून त्यांच्या बंडीला धरून बाहेर ओढले आणि वाऱ्याच्या उलट्या बाजूला नेऊन बसवले. त्या रात्री ते दवाखान्यात ऑक्सिजनवर होते. आठवडाभर आवाज घोगरा. पहिल्या दिवशी बोलता आले तेव्हा म्हणाले, "अण्णा, मगातला थेंबभर तर हुता."

थेंबभरच होता. पण मग एकच होता, आणि तो मी आणला होता.

आता ॲसिड पंपखोलीच्या बाहेर, पत्र्याच्या सावलीत, कुलपात. त्याचा मग लाल दोरी बांधलेला. पावडर आत, कोरडी. पावडर आणि गोळ्याही एका डब्यात किंवा एका चमच्याने घ्यायच्या नाहीत, त्यांचीही एकमेकांशी आग लागते, हे दुकानदाराने मला एकदाही सांगितले नव्हते. गोळ्या मी बंदच केल्यात. पावडर बादलीत रात्री भिजवतो, सकाळी चुना तळाला बसला की वरची निवळी झाकून ठेवतो आणि ऊन उतरल्यावर तलावात सोडतो. दिवसा टाकली तर निम्मी सूर्यालाच अर्पण. आणि किती? एक पीपीएम म्हणजे आमच्या तलावात ४५ ग्रॅम क्लोरिन. ताज्या टीसीएलमध्ये तिसरा हिस्सा क्लोरिन असतो, म्हणजे २ पीपीएमने वाढवायला पाव किलोच्या थोडी वर पावडर पुरते. पोरगा ओंजळीने किती भिरकावत असेल, याचा विचारच नको. डबा उघडा राहिला, दमट झाला तर मात्र पावडरीचा नुसता चुना होतो. त्यामुळे टाकल्यावर पुन्हा मोजायचे.

नमुना सकाळी सातला. पाणी आत येते त्या तोंडापासून लांब, बाटली उपडी धरून कोपरापर्यंत हात बुडवायचा आणि मग उलटायची. वरच्या पृष्ठभागावरचे पाणी घेतले तर आकडा खोटा येतो. रंगाची नळी सूर्याकडे पाठ करून, पांढऱ्या भिंतीसमोर धरून बघायची. क्लोरिन आणि सामू रोज, अल्कलिनिटी आठवड्याला, कॅल्शियम आणि स्टॅबिलायझर महिन्याला. पाच मिनिटांचे काम आहे.

पावसाळ्यात मात्र सगळे फिरते. कोल्हापूरचा पाऊस उन्हाळी हिशेब मानत नाही. जुलैमध्ये तलाव काठोकाठ वाहत होता, अल्कलिनिटी १२० वरून ६० वर आली, कॅल्शियमही उतरले. मऊ पाणी भुकेले असते, फरश्यांमधला सिमेंटचा सांधा खायला लागते. बोट फिरवले तर वाळू हाताला आली. आता ॲसिड बंद आणि खायचा सोडा सुरू. आमच्या मापाला अल्कलिनिटी १० पीपीएमने वाढवायची तर पाऊण किलो सोडा लागतो. मी लक्ष्मीपुरीत जाऊन दीड किलो मागितला. दुकानदार म्हणाला, "काका, किती गावांची भजी काढताय?"

म्हणजे मेमध्ये जे औषध ते जुलैमध्ये विष, तलाव तोच. अंदाजाने चालणारे हे काम नव्हे. म्हणून फार्महाऊसवाल्यांना माझी एकच सूचना आहे. तलावाशेजारी, लोकांना दिसेल असा, एक फळा टांगा. त्यावर रोज सकाळी खडूने तारीख, वेळ, मोकळा क्लोरिन, सामू आणि मोजणाऱ्याचे नाव लिहा. भाड्याने देणाऱ्यांनी तर लिहाच. आकडा चुकला असेल तर त्या दिवशी पोहणे बंद, असेही लिहायची हिंमत ठेवा. आणि जाणाऱ्यांनी रश्श्याचे तिखट विचारून झाल्यावर सामूही विचारावा. दोन-चार फोन तसे आले की फळे आपोआप लागतील. गोळ्या विकणाऱ्यांनी डब्यावर मराठीत, वाचता येईल अशा अक्षरात, एका गोळीने स्टॅबिलायझर किती वाढतो ते छापावे. नळाच्या पाण्यात किमान ०.२ पीपीएम क्लोरिन आहे का, हे गावचा जलसुरक्षक बघतो. त्याची बाटली महिन्यातून एकदा या निळ्या हौदांकडे वळली तर कुणाचे काही बिघडणार नाही. ओटी अर्धीच गोष्ट सांगते, पण आज तर कुणी तीही ऐकत नाही.

आमच्या फळ्यावर आज सकाळी ७.१० ला मोकळा क्लोरिन १.५ आणि सामू ७.४ लिहिलेला आहे. मोजणाऱ्याच्या नावापुढे मामांची सही आहे. त्यांनी मोजल्यावर मी गुपचूप एकदा पुन्हा मोजले. त्यांचेच बरोबर होते.

आपला,
एक निवृत्त लॅब केमिस्ट,
कळंबा, कोल्हापूर